स्वनातीत प्रवासी विमान

ध्वनीपेक्षा अधिक वेगाने प्रवासी नेणारे जेट विमान. रोजच्या बोलण्यात ‘सुपरसॉनिक’. नियमित सेवेत अशी दोनच विमाने आली. सोव्हिएत तुपोलेव्ह-१४४ प्रथम उडाले ३१ डिसेंबर १९६८ रोजी, तर ब्रिटन व फ्रान्सचे काँकॉर्ड २ मार्च १९६९ रोजी. पहिला नंबर रशियाने मारला खरा. पण तुपोलेव्हची मॉस्को ते अल्मा-आता ही प्रवासी सेवा १९७७-७८ मध्ये जेमतेम सात महिने टिकली.

काँकॉर्ड मात्र २१ जानेवारी १९७६ पासून २००३ पर्यंत चालले. सुमारे १८ किमी उंचीवर त्याचा वेग ताशी २,१८० किमीच्या आसपास, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट असे. सातारा-सांगली हे सरळ रेषेतले साधारण ११० किमी अंतर या वेगाने तीन मिनिटांचे. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याने न्यूयॉर्कहून लंडन २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत गाठले. साताऱ्याच्या स्टँडवरून निघालेली साधी एसटी कराड करत सांगलीला पोचायला जवळपास तेवढाच वेळ घेते. लंडनहून सकाळी निघालेला प्रवासी न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे निघण्याआधीच तिथे उतरत असे.

हवेच्या घर्षणाने आणि दाबाने नाकाचे टोक १२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापे आणि अख्खे विमान वीतभर लांबे. कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी तेवढ्या वेळापुरती फट पडे. शेवटच्या फेऱ्यांत काहींनी तिच्यात आपली टोपी खोचली. विमान निवले, फट मिटली, टोपी आतच राहिली.

अडचण वेगाची नव्हती, आवाजाची होती. कोयना खोऱ्यात मांडणीवरची भांडी वाजली की ‘धक्का बसला’ म्हणतात. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाचा दणका तसाच, पण आभाळातून येणारा. तो ध्वनीचा वेग ओलांडताना एकदाच होतो हा समज चुकीचा आहे. विमान स्वनातीत वेगात असेपर्यंत खालच्या सगळ्या पट्ट्यात तो ऐकू येत जातो. त्यामुळे अमेरिकेने १९७३ मध्ये जमिनीवरून अशा नागरी उड्डाणांना बंदी घातली. भारतानेही आपल्या हद्दीत हा वेग गाठू दिला नाही. लंडन-सिंगापूर मार्ग परवडेनासा होण्याचे ते एक कारण. दोन काँकॉर्ड घेण्याचा हक्क राखून ठेवलेल्या एअर इंडियानेही पुढे तो सोडला.

उरला समुद्र, जेमतेम शंभर आसने आणि इंधनाचा प्रचंड खर्च. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळच्या अपघातात ११३ जण दगावले. दुरुस्तीनंतर उड्डाणे पुन्हा सुरू झाली, पण प्रवासी पुरेसे परतले नाहीत.

२८ जानेवारी २०२५ रोजी बूम या अमेरिकी कंपनीच्या एक्सबी-१ ने ध्वनीचा वेग ओलांडला; ते मात्र चाचणीचे छोटे विमान, प्रवाशांचे नव्हे.