नांगरट की कमी मशागत : दीर्घकालीन प्रयोगांचे आकडे कसे वाचावेत

मातीपरीक्षणाचा अहवाल हाती आला की बहुतेक ग्राहक आम्हाला एकच प्रश्न विचारतात : नांगरट बंद केली तर सेंद्रिय कर्ब (मातीतील सेंद्रिय पदार्थांतला कार्बन) वाढेल का आणि उत्पादन घटेल का? दीर्घकालीन प्रयोगांतून या दोन्हींची उत्तरे मिळतात, मात्र ती जमिनीगणिक बदलतात.

रूढ पद्धतीत नांगराने साधारण 20 ते 25 सेंटिमीटरपर्यंतची माती पलटली जाते आणि मागील पिकाची धसकटे गाडली जातात. कमी मशागतीत माती न पलटता वरचाच थर हलवतात, तर शून्य मशागतीत बी पडेल तेवढाच तास उघडला जातो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात वूस्टर येथे 1962 साली आणि पुढच्याच वर्षी हॉइटव्हिल येथे असे प्रयोग सुरू झाले. वूस्टरच्या चांगल्या निचऱ्याच्या पोयट्याच्या जमिनीत विनानांगरट मक्याचे उत्पादन नांगरटीच्या बरोबरीने किंवा त्याहून सरस आले. हॉइटव्हिलच्या निचरा कमी असलेल्या चिकण जमिनीत मात्र मक्यावर मका घेतल्यास ते घटले, आणि सोयाबीनशी फेरपालट केल्यावर ही तफावत बरीच कमी झाली. मशागतीचा निर्णय घेण्याआधी निचरा पाहावा, असे आम्ही सुचवतो ते याच कारणाने.

2015 साली 610 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शून्य मशागतीमुळे उत्पादन सरासरी 5.7 टक्क्यांनी घटल्याचे दिसले, पण अवशेषांचे आच्छादन आणि फेरपालट यांची जोड दिल्यावर कोरड्या हवामानातील जिरायती पिकांचे उत्पादन उलट 7.3 टक्क्यांनी वाढलेले आढळले. यांतला आपल्या सोयीचा एकच आकडा पुढे करण्याची सवय दोन्ही बाजूंच्या समर्थकांना आहे.

पहिल्या काही वर्षांच्या आकड्यांवर फार विसंबू नये, कारण त्या काळात बहुवार्षिक तणे बळावू शकतात, सेंद्रिय पदार्थांतून नत्र हळू मोकळे होते आणि पावसामुळे होणारा वार्षिक चढउतार मशागतीच्या परिणामापेक्षा मोठा असू शकतो.

कर्बाच्या बाबतीत सर्वाधिक गल्लत नमुन्याच्या खोलीमुळे होते. नांगरट थांबली की अवशेष पृष्ठभागाजवळ कुजतात, त्यामुळे वरच्या 10 सेंटिमीटरमध्ये कर्ब स्पष्टपणे वाढतो. परंतु नांगराने पूर्वी खाली गाडला जाणारा कर्ब आता तेथे पोहोचत नाही, म्हणून खालच्या थरात तो बहुधा कमी होतो आणि संपूर्ण खोलीचा हिशेब मांडल्यावर फरक अनेकदा किरकोळ उरतो. शिवाय न हलवलेली माती घट्ट असल्याने तेवढ्याच खोलीत मातीचे वजन अधिक भरते आणि कर्बाचा साठा प्रत्यक्षाहून मोठा भासतो. वरच्या थरातील वाढ मात्र निरुपयोगी नाही : तिच्यामुळे मातीचे कण एकत्र बांधले जातात, पाणी चांगले मुरते आणि धूप घटते.

यासाठी आमच्याकडे नमुने पाठवताना 0 ते 10, 10 ते 20 आणि 20 ते 40 सेंटिमीटरचे थर वेगवेगळ्या पिशव्यांत भरावेत, स्थूल घनतेसाठी (ठरावीक आकारमानात मातीचे वजन किती भरते, यासाठी) ठरावीक आकाराच्या नळीने काढलेला स्वतंत्र नमुना जोडावा आणि पुढील वर्षी त्याच जागेवरून, त्याच हंगामात नमुने घ्यावेत. मशागत बदलण्याचा विचार असल्यास पहिला संच बदलापूर्वीच घ्यावा आणि शेताची एक पट्टी जुन्याच पद्धतीने ठेवावी.