बॅटरी संपली म्हणजे सेव्ह गेलं?

गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या गेमयंत्रावरचा पोकेमॉन रुबी, सफायर किंवा एमराल्ड हा गेम सुरू करताना ‘बॅटरी संपली’ असा संदेश दिसला की कार्ट्रिज (गेम असलेली डबी) भंगारात निघालं, असं सर्रास मानलं जातं. विक्रेतेही बिचकून भाव पाडतात. पण या तीन गेम्समध्ये सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, फ्लॅश मेमरीत राहतं, त्याला बॅटरी लागतच नाही. आतला सीआर१६१६ हा बटणसेल फक्त गेमचं घड्याळ चालवतो. तो मेला की गेममध्ये लावलेल्या बेरी वाढत नाहीत, शोल केव्ह या गुहेतली भरती-ओहोटी थांबते. बाकी गेम ठणठणीत.

समज आला तो पोकेमॉनच्या आधीच्या गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टल या गेम्समुळे. तिथे सेव्ह एसरॅम या सतत वीज लागणाऱ्या मेमरीत असतं आणि सीआर२०२५ सेल मेला की खरोखरच पुसलं जातं. सेल काढतानाही तेच होतं, म्हणून आधी सेव्हचा बॅकअप घ्या.

सेल बदलायचा तर पत्र्या वेल्ड केलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका, तापून फुटू शकतो. अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर लागतो. नव्या सेलवर घड्याळ मागे जातं, त्यामुळे जुन्या सेव्हमधल्या वेळेवरच्या घटना लगेच सुरू होत नाहीत. नवा गेम सुरू केला तर ही अडचण येत नाही.

एमराल्ड घेताना सेलपेक्षा बोर्ड अस्सल आहे का, ते पाहा. नकली माल पुष्कळ आहे.