उजेड वाढला म्हणजे स्फोट झाला का?

महाकाय निळा चलतारा (ज्याचा उजेड कमीजास्त होतो असा तारा) उजळला की आपल्याकडं बातमीचं हेडिंग ठरलेलंच, 'ताऱ्यात प्रचंड स्फोट'. सगळा घोळ या एका शब्दानं केला.

जुनं थोडक्यात. 1600 साली हंस तारकासमूहात जिथं काही दिसत नव्हतं तिथं तिसऱ्या प्रतीचा तारा दिसला (प्रत म्हणजे उजेडाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा उजळ), मग मंदावला, 1655 च्या सुमारास परत उजळला. नंतर नौतलातला ईटा कॅरिनी, 1843 च्या मार्चात उजेडात अगस्त्याच्याही पुढं गेला, वर राहिला फक्त व्याध. त्या काळात त्यानं 10 सूर्यांहून जास्त माल बाहेर फेकला, त्याले खुशाल उद्रेक म्हणा.

गडबड 1984 ची. 'ल्युमिनस ब्लू व्हेरिएबल', म्हणजे एलबीव्ही, हे नाव तेव्हा रूढ झालं, आन् ते दिलं कोणाले तं जे वुल्फ-रायेट (बाहेरचे थर उडून गेलेले अतितप्त तारे) नाहीत आणि साधे निळे महाराक्षसी तारेही नाहीत त्या उरलेल्या गरम, तेजस्वी ताऱ्यांना. फरदड आन् पहिल्या वेच्याचा कापूस एकाच गंजीत टाकल्यासारखं झालं. कारण मोठ्या मॅगेलॅनिक मेघातला (आपल्या शेजारच्या दीर्घिकेतला) एस डोरॅडस तारा उजळतो ते प्रकरणच वेगळं, तिथं काही फुटत नाही.

तिथं होते असं की तारा काही महिने ते काही वर्षं घेऊन फुगतो, पृष्ठभाग 12 ते 30 हजार केल्विनवरून 8 हजारांच्या आसपास उतरतो. थंड झाला तं उजळला काहून? गावात ट्रॉलीचं वेल्डिंग पाहत उभं राहा, रात्री डोळे चरचरतात, कारण त्या ठिणगीतला अतिनील प्रकाश आपल्याले दिसतच नाही पण डोळ्याले लागतो. गरम ताऱ्याचाही बहुतेक उजेड असाच अतिनीलमध्ये जातो, थंडावला की तोच दृश्य पट्ट्यात सरकतो आणि तारा एक-दोन प्रतींनी उजळ दिसतो, म्हणजे अडीच ते सहा पट, एकूण ऊर्जा न वाढताही.

तारा खरंच फुगतो का, यावरही वाद झाला. आधी मत होतं की तारा तेवढाच राहतो, त्याचा वारा, म्हणजे ताऱ्यातून सतत बाहेर वाहणारा वायू, दाट होऊन खरा पृष्ठभाग झाकतो आणि आपल्याले वाऱ्याचाच फसवा पृष्ठभाग दिसतो. 1990 च्या दशकात हिशेब मांडला तं तेवढा वारा निघतच नाही, ताऱ्याचे बाहेरचे थरच खरोखर पसरतात. पुढं एजी कॅरिनी या अशाच ताऱ्याच्या अभ्यासात दिसलं की उजळताना एकूण तेज उलट घटतं, थर वर उचलायले ऊर्जा खर्च होते ना! म्हणजे हेडिंगमध्ये स्फोट आणि प्रत्यक्षात ताऱ्याचा बाहेर पडणारा उजेडच कमी.

ईटा कॅरिनी आता चौथ्या प्रतीच्या जवळपास आहे. यवतमाळकडून एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला जेमतेम 9 अंश वर येतो, दुर्बीण घ्या, आणि त्या बाजूच्या वावरात कोणी पऱ्हाट्या पेटवल्या असल्या तं त्या दिवशी राहू द्या.