फणसाची फळी आणि तिच्यातलं पाणी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि वाड्यावाड्यांतून आंबे-फणस मुळासकट आडवे झाले. असं जुनं झाड पडलं की बरंचसं लाकूड चुलीत जातं, उरलेलं व्यापारी सांगेल त्या भावाने. फणसाच्या बाबतीत हे जिवावर येतं. त्याचं पिवळंधमक लाकूड वर्षागणिक तांबूस-तपकिरी होत जातं, आणि एका जुन्या खोडात घरभराची दारं, पाट आणि देव्हारा निघतो. मात्र ओंडक्याची फळी आणि फळीचं लाकूड होईपर्यंत मध्ये बरंच काही घडावं लागतं.

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात शेतावर स्वतःची छोटी लाकूडगिरणी ठेवणं आता नवलाचं नाही. इंडियानातल्या वुड-मायझर कंपनीने १९८२ पासून यात नाव काढलं. त्यांच्या यंत्रात ओंडका जागच्या जागी राहतो आणि आडव्या पट्ट्याची करवत रुळांवरून त्याच्यावर सरकते. याहून स्वस्त सोय म्हणजे चेनसॉला चौकट बसवून फळ्या काढणं. पण तिथे भुसा फार जातो. चेनसॉचा एक काप साधारण ८ मिलिमीटर लाकूड खातो, पट्ट्याची करवत दोन-तीन. दहा काप घेतले तर चेनसॉने एकेक इंच जाडीच्या तीन फळ्यांचा भुसा होतो, पट्ट्याच्या करवतीने जेमतेम एकीचा.

आपल्याकडे परसात अशी गिरणी थाटायची हौस आवरावी लागते. सर्वोच्च न्यायालयातल्या जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातल्या १९९६ च्या आदेशापासून सॉ मिलवर कडक नियंत्रण आहे आणि परवान्याशिवाय ती चालवता येत नाही. उभं झाड तोडायचं तर १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा आहेच, त्याच्या यादीत साग, आंबा, खैर यांच्याबरोबर फणसही आहे. पडलेला ओंडकासुद्धा टेम्पोत चढवण्याआधी वनखात्यात विचारून घेतलेलं बरं. तेव्हा कापणी परवान्याच्या सॉ मिलवर. पण फळ्या कशा काढायच्या हे तिथे उभं राहून आपण सांगू शकतो, आणि वाळवणं तर सगळं आपल्याच हातात.

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं, काही पेशींच्या भिंतींत मुरलेलं. आधी मोकळं पाणी जातं. तोवर लाकूड हलकं होतं, पण आकाराने तसूभर बदलत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांवर आला की भिंतींतलं पाणी निघू लागतं, आणि खरी गडबड तिथून सुरू होते, कारण भिंती आक्रसतात.

त्याही सगळ्या दिशांनी सारख्या आक्रसत नाहीत. पेशीच्या भिंतीतले तंतू बहुतांशी खोडाच्या उंचीच्या दिशेने असतात, म्हणून फळी लांबीत जवळजवळ कमी होत नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, म्हणजे किरण, त्या दिशेचं आक्रसणं धरून ठेवतात. खोडाच्या वाढीच्या गोल वलयांच्या कडेने मात्र धरायला कुणी नाही. साग या बाबतीत सर्वांत शहाणा मानतात. पूर्ण सुकेपर्यंत तो गाभा-साल दिशेने सुमारे अडीच टक्के आक्रसतो, वलयांच्या दिशेने ५.८ टक्के. ओलावा १२ टक्क्यांवर थांबवला तरी ३० सेंटिमीटर रुंदीची फळी वलयांच्या दिशेने कापलेली असेल तर सेंटिमीटरभर अरुंद होते. किरणांच्या दिशेने कापलेली असेल तर निम्म्याहून कमी.

म्हणूनच फळीचं टोक बघून तिचं भविष्य सांगता येतं. टोकावर वलयांच्या कमानी दिसल्या तर फळीला बाक येणार. कमानी सरळ व्हायला बघतात, त्यामुळे सालीकडची बाजू खोलगट होते. वलयं फळीवर उभी दिसत असली तर ती बरीचशी सपाट राहील. आणि ऐन गाभा जिच्यात आला ती फळी तडकणारच, तिला सरळ बाजूला काढावी. मिलवाल्याला उभ्या वलयांच्या फळ्या मागितल्या तर तो कुरकुरतो, कारण ओंडका सारखा फिरवावा लागतो आणि फळ्या अरुंद निघतात. दारासाठी तरी हट्ट सोडू नये.

लाकूड कापून आलं की त्याच दिवशी टोकं रंगवायची. पाणी फळीच्या तोंडावरून पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी भरभर निघतं, आणि तोंडं आधी आक्रसून चिरतात. डांबर, मेण, घरात उरलेला ऑइल पेंट, काहीही चालतं. मग पडवीत किंवा मांगरात जमिनीपासून फूट-दीड फूट वर, वाऱ्याला आडवी अशी चळत लावायची. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या वाळक्या रिपा, दीड-दोन फुटांवर. प्रत्येक रीप खालच्या रिपेच्या बरोबर डोक्यावर आली पाहिजे. एक जरी सरकली तरी वरचं वजन मधल्या मोकळ्या जागेवर येतं आणि तिथे फळी कायमची वाकते. सर्वांत वर जांभे दगड ठेवावेत.

उन्हात टाकली की लवकर वाळेल, हा समज घात करतो. पृष्ठभाग झटकन सुकून कडक होतो, आतलं पाणी मागे राहतं, आणि पुढे आतला भाग आक्रसू लागला की फळी आतून फाटते. बाहेरून काही दिसत नाही. रंधा मारला की कळतं. सावली हवी, पण कोंदट सावलीही नको. आंब्याचं लाकूड तर दमट जागी काही दिवसांत निळं-काळं पडतं, कारण त्यात बुरशीला साखर भरपूर मिळते. ओलावा २० टक्क्यांखाली गेला की बुरशीचं काम थांबतं. जुने लोक ओंडके पाण्यात बुडवून ठेवत, त्याने लाकूड अर्थातच वाळत नाही, पण किड्यांना आवडणारा रस निघून जातो.

इंची फळी आपल्या हवेत दसऱ्यापासून मेपर्यंतच्या कोरड्या हंगामात बऱ्यापैकी उतरते. दोन इंचीला मात्र दुप्पट नव्हे, त्याहून बराच अधिक वेळ लागतो, कारण आतलं पाणी मुरत मुरत बाहेर येतं. अंदाजावर राहू नका. फळीच्या टोकापासून फूटभर आतून एक तुकडा काढा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. समजा ८६ ग्रॅम भरला. ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. समजा ६४ वर थांबला. म्हणजे २२ ग्रॅम पाणी, भागिले ६४, ओलावा ३४ टक्के. अजून आक्रसायला सुरुवातसुद्धा झालेली नाही.

ओलावा किती उतरला म्हणजे पुरे? हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर थांबतं, ९० टक्के असेल तर २० च्या आसपास, ३० टक्के असेल तर सहावर. भारतीय मानकात याच कारणाने देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग पाडलेत. दापोलीत पावसाळा काढलेली फळी सोलापूरच्या उन्हाळ्यात गेली की पुन्हा आक्रसणार. तेव्हा टेबल जिथे राहायचं त्या घरात फळ्या आधी काही आठवडे ठेवून मग सुताराला बोलवावं. आणि दाराच्या चौकटीत फळी बसवताना त्याने खाचेत थोडी फट ठेवली, सरस लावला नाही, तर त्याला कामचुकार म्हणू नये. फळी वर्षभर त्या फटीतच कमीजास्त होत असते.