कोलेस्टेरॉलचा सल्ला आणि खान्देशातील परिचारिका : पार्श्वभूमी

रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध १९४८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या फ्रामिंगहॅम अभ्यासातून ठळक झाला आणि १९८७ मध्ये कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन वर्गातील पहिल्या औषधाला तेथे मान्यता मिळाली. आपल्याकडची ग्रामीण परिचारिका त्या काळात वेगळ्याच कामात गुंतलेली होती. केंद्र सरकारच्या कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या शिफारशींनंतर ती बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली, तरी प्रसूती, लसीकरण आणि कुटुंबनियोजन हाच तिच्या कामाचा गाभा राहिला. समजावून सांगणे तिला नवे नव्हते; फक्त समोर गरोदर बाई किंवा बाळाची आई असे.

खान्देशात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुपोषणाशी झुंजताना बाळाच्या खिचडीत चमचाभर तेल घाला, असे सांगण्याची सवय झालेल्या सेविकेला आता त्याच घरातल्या आजोबांना तेल आवरा, असे सांगायचे असते. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण त्यांतला फरक पटवायला वेळ आणि घरची बोली, दोन्ही लागतात.

असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये आला आणि २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांतून तिशीपुढच्या सर्वांच्या तपासणीवर भर आला. त्या तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, कोलेस्टेरॉल नाही. जे नोंदवहीत नाही, त्याविषयी बोलण्याची तयारीही कच्ची राहते, हे ओघानेच आले.

शिवाय शास्त्राचा सल्लाही बदलत गेला. आहारातील कोलेस्टेरॉलवरची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकी मार्गदर्शिकेने २०१५ च्या आवृत्तीत वगळली आणि भर संपृक्त, म्हणजे तूप-लोण्यासारखी गोठणारी, चरबी कमी करण्यावर राहिला. त्यापूर्वी शिकलेली परिचारिका मात्र अंड्याच्या बलकापाशीच अडू शकते. शेंगदाणा तेलात कोलेस्टेरॉल मुळीच नसते. शेवभाजीवरच्या तवंगात अडचण आहे ती उष्मांकांची, आणि तळण वनस्पती तुपातले असेल तर संपृक्त चरबीचीही. उलट, अख्ख्या उडदाची कळण्याची भाकरी तंतुमय असल्याने उपयोगीच आहे. त्यासाठी जळगावच्या रुग्णाला ओट्स सुचवण्याचे कारण नाही.

गोळ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. अहवाल चांगला आला म्हणून रुग्ण स्टॅटिन परस्पर बंद करतो, तेव्हा तो आकडा गोळीमुळेच उतरला होता, हे डॉक्टरांच्या दोन मिनिटांत सांगायचे राहून जाते, आणि औषध लिहिण्याचा अधिकार नसलेल्या परिचारिकेला ते आपले काम वाटत नाही.