गजाआडून दिसणारा डीएनए

कोर्टात प्रयोगशाळेचा अहवाल वाचला जात असतो. न्यायाधीश, वकील, पोलीस या सगळ्यांना त्यावरून काय घडलं असेल याचा अंदाज बांधायचा असतो. आपण तिथे होतो की नव्हतो हे पक्कं ठाऊक असतं ते आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाला. फॉरेन्सिक विज्ञानाबद्दल त्याला काय वाटतं, हे मात्र फार उशिरापर्यंत कुणी विचारलंच नाही.

खरं तर हे शास्त्र कैद्याच्या अंगावरच वाढलं. १८८०च्या दशकात पॅरिसमध्ये आल्फाँस बर्तियाँ अटकेतल्या माणसांचं डोकं, मधलं बोट, पाऊल मोजून घेत असे. नाव बदलून आलेला जुना गुन्हेगार ओळखता यावा म्हणून. मग बोटांचे ठसे आले. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी घाम गाळून बसवलेली वर्गवारी १९०१मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोचली, ती एडवर्ड हेन्री या साहेबाच्या नावाने. गुन्हेगारांनी यावर हातमोजे शोधले. अमेरिकेतल्या जॉन डिलिंजर या दरोडेखोराने तर १९३४मध्ये बोटांची टोकं अ‍ॅसिडने जाळून घेतली. त्याच वर्षी तो गोळीबारात मेला, आणि उरलेल्या रेषांवरून त्याची ओळख पटलीच.

१९८४मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीस या शास्त्रज्ञाने डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली. गुन्ह्याच्या तपासात तिचा पहिला मोठा उपयोग झाला तो एका निरपराधाला सोडवण्यासाठी, हे विसरता कामा नये. लेस्टरजवळ झालेल्या दोन मुलींच्या खुनांपैकी एकाची कबुली सतरा वर्षांच्या एका मुलाने दिली होती. चाचणीने तो सुटला. पुढे आसपासच्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले गेले, तेव्हा खरा खुनी कॉलिन पिचफोर्कने आपल्याऐवजी एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं. बोलता बोलता ते फुटलं आणि १९८८मध्ये त्याला जन्मठेप झाली.

ऑस्ट्रियाने १९९७मध्ये गुन्हेगारांची डीएनए नोंद सुरू केली, पोर्तुगालने २००८मध्ये तसा कायदा केला. या दोन देशांत बार्बरा प्रेनझाक, हेलेना मशादू या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगात जाऊन कैद्यांना बोलतं केलं. या विषयातलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं. टीव्हीवरच्या तपास मालिका कैदीही बघतात, आणि डीएनएपुढे कुणाचं काही चालत नाही ही समजूत त्यांच्यातही पक्की होती. पण त्यातूनच त्यांची भीती उगवते. ठसा पुसता येतो, हातमोजा घालता येतो. केस, थुंकी, कातडीचे कण कसे आवरणार? आपलं सिगारेटचं थोटूक कुणी मुद्दाम घटनास्थळी टाकलं तर? आणि एकदा नोंद झाली की शिक्षा भोगून बाहेर पडल्यावरही आपण कायमचे संशयित. तरीही, हीच नोंद उद्या आपल्याला निर्दोष ठरवेल, अशी आशाही ते बोलून दाखवत.

ही भीती हवेतली नाही. २०१२मध्ये कॅलिफोर्नियात एका खून झालेल्या माणसाच्या नखांत एका बेघर माणसाचा डीएनए सापडला. खुनाच्या आरोपाखाली तो काही महिने तुरुंगात होता. दारूमुळे त्याला त्या रात्रीचं काही आठवत नव्हतं; अहवाल समोर आल्यावर, आपणच हे केलं असावं, असं त्यालाही वाटू लागलं. प्रत्यक्षात तो त्या रात्री रुग्णालयात होता. त्याला तिथे नेणारेच रुग्णवाहिकेचे कर्मचारी नंतर खुनाच्या जागी गेले होते, आणि त्यांच्याबरोबर त्याचा डीएनएही. स्वतःच्या निर्दोषपणावरचा विश्वासही कागदापुढे ढळतो, हे मला या साऱ्यात सर्वांत भयंकर वाटतं.

आशेची बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये कर्क ब्लड्सवर्थ याला १९८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी फाशी सुनावली गेली. फेरखटल्यानंतर तिची जन्मठेप झाली. तुरुंगात त्याच्या हाती लेस्टरच्या त्या खुनांवरचं पुस्तक पडलं. पिचफोर्कच्या प्रकरणातली ती चाचणी आपल्याला सोडवेल, हे त्याने ओळखलं आणि तिचा आग्रह धरला. १९९३मध्ये तो सुटला. २००३मध्ये तोच नमुना नोंदींशी ताडून पाहिला गेला आणि खरा खुनी सापडला. ब्लड्सवर्थ आत असताना तो त्याच तुरुंगात, दुसऱ्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगत होता, आणि दोघे एकमेकांना ओळखत होते.