टूर द स्की: निकाल ठरवणारा मायक्रॉनभर थर

स्कीच्या दाबाने हिम वितळते आणि तयार झालेल्या पाण्यावरून स्की घसरते, असे स्पष्टीकरण हिवाळी खेळांविषयीच्या गप्पांमध्ये आणि लेखांमध्ये इतक्या सहजपणे दिले जाते की, ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. त्याचे मूळ शाळेतल्या पुनर्हिमायनाच्या प्रयोगात आहे. बर्फाच्या लादीवर दोन टोकांना वजने बांधलेली बारीक तार टाकली, की ती बर्फ कापत खाली जाते आणि वरचा बर्फ पुन्हा गोठतो, हे आपण सर्वांनी वाचलेले असते. दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक खाली येतो, हे तत्त्व बरोबरच आहे. आयरिश वैज्ञानिक जॉन जॉली यांनी १८८६ साली स्केटिंगच्या संदर्भात हेच स्पष्टीकरण मांडले होते. मात्र तत्त्व बरोबर असणे आणि ते एखाद्या घटनेला पुरेसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दरवर्षी नवीन वर्षाच्या आगेमागे मध्य युरोपात भरणारी टूर द स्की ही क्रॉस-कंट्री स्कीइंगची, म्हणजे सपाटी आणि चढउतारांवरून स्कीवर लांब अंतर कापण्याची, अनेक टप्प्यांची स्पर्धा मन लावून पाहणाऱ्यांना हा फरक समजणे विशेष उपयोगाचे आहे, कारण या स्पर्धेत दिसणारी बरीचशी अनपेक्षित उलथापालथ स्की आणि हिम यांच्यामधल्या घर्षणातून येते.

स्पर्धेची ओळख थोडक्यात करून देतो. नॉर्वेचे माजी ऑलिंपिक विजेते वेगार्ड उल्वांग आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे तत्कालीन अधिकारी युर्ग कापोल यांच्या कल्पनेतून ती २००६-०७ च्या मोसमात सुरू झाली. नमुना अर्थातच फ्रान्समधल्या प्रसिद्ध सायकल शर्यतीचा होता. पहिल्या वर्षी पुरुषांमध्ये जर्मनीचा टोबियास आंगेरर आणि महिलांमध्ये फिनलंडची विर्पी कुइटुनेन विजयी झाले. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज केली जाते, ठरावीक ठिकाणी मिळालेले बोनस सेकंद त्यातून वजा होतात आणि ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी, तो विजेता ठरतो. काही टप्पे दीड किलोमीटरच्या आसपासच्या स्प्रिंटचे असतात, तर काही १०, १५ किंवा २० किलोमीटरचे. काही क्लासिक पद्धतीचे म्हणजे समांतर खाचांमधून धावण्याचे असतात, तर काही मुक्त पद्धतीचे म्हणजे स्केटिंगसारखे तिरपे पाय टाकण्याचे. ओबरस्टडॉर्फ, दावोस, टोब्लाख अशी ठिकाणे वर्षागणिक बदलत राहतात, परंतु शेवट बहुतेक वेळा इटलीतल्या व्हाल दि फिएम्मे येथे आल्पे चेर्मिस या डोंगराच्या चढावर होतो. पोलंडच्या युस्तिना कोवाल्चिकने २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षे ही स्पर्धा जिंकली. स्वित्झर्लंडच्या दारिओ कोलोन्यानेही ती चार वेळा जिंकली आहे.

आता दाबाचा हिशेब करून पाहू. क्रॉस-कंट्रीची स्की साधारण दोन मीटर लांब आणि साडेचार सेंटिमीटरहून किंचित कमी रुंद असते. साहित्यासह ७५ किलो वजनाचा स्कीपटू एकाच स्कीवर उभा राहिला, तर सुमारे ७३५ न्यूटनचे बल जवळजवळ ८८० चौरस सेंटिमीटरवर पसरते आणि सरासरी दाब वातावरणाच्या दाबाच्या बाराव्या हिश्श्याइतकाच भरतो. बर्फाचा द्रवणांक एक अंशाने खाली आणायला मात्र सुमारे १३५ वातावरणे दाब लागतो. म्हणजे या स्कीमुळे द्रवणांकात पडणारा फरक एका अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. यावर कोणी रास्त हरकत घेईल की, स्की संपूर्ण तळाने हिमाला टेकत नाही, तर फक्त कणांच्या टोकांवर टेकते. प्रत्यक्ष स्पर्श तळाच्या शंभराव्या भागातच होतो असे धरले, तरी दाब आठ वातावरणांपर्यंत जातो आणि द्रवणांक ०.०६ अंशाने उतरतो. उणे १० अंश सेल्सिअसला हिम वितळवण्यासाठी हजाराहून अधिक वातावरणे हवीत. उणे २२ अंशांच्या खाली तर कितीही दाब दिला तरी साध्या बर्फाचे पाणी होत नाही, आणि तरीही त्याहून थंड हिमावर स्की चालतात. शाळेतल्या प्रयोगात तार बारीक असते, तिच्याखालचा दाब मोठा असतो आणि लादीही शून्य अंशाजवळची असते, म्हणून तिथे ते स्पष्टीकरण लागू पडते.

मग वंगण येते कुठून? १९३९ साली एफ. पी. बाउडन आणि टी. पी. ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख येथील बर्फाच्या गुहेत या प्रश्नावर प्रयोग केले. त्यांचा युक्तिवाद असा होता की, घर्षणातून निर्माण होणारी उष्णताच पृष्ठभागावरचा बर्फ वितळवते. तसे असेल, तर उष्णता चटकन वाहून नेणाऱ्या पदार्थाखाली पाणी कमी तयार व्हायला हवे आणि घर्षण जास्त असायला हवे. उष्णतावाहक धातू आणि उष्णतारोधक एबोनाइट (कडक रबर) यांची तुलना केल्यावर धातूचे घर्षण खरोखरच जास्त भरले. या प्रयोगाची मांडणी मला फार आवडते. अदृश्य थराविषयीचा अंदाज त्यांनी मोजता येईल अशा एका फरकात उतरवला.

त्या थराची जाडी किती असेल याचा अंदाज आपण घरबसल्या काढू शकतो. चांगल्या स्कीचा हिमावरचा घर्षणांक ०.०३ च्या आसपास धरू. म्हणजे आपल्या ७३५ न्यूटनवाल्या स्कीपटूला मागे खेचणारे घर्षणबल सुमारे २२ न्यूटन झाले. तो सेकंदाला ७ मीटर वेगाने जात असेल, तर दर सेकंदाला साधारण १५४ ज्यूल उष्णता निर्माण होते. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल अप्रकट उष्मा लागतो, म्हणून ही सगळी उष्णता वितळण्याच्याच कामी आली असे मानले, तरी सेकंदाला अर्ध्या ग्रॅमहून कमी पाणी मिळते. तेवढ्या वेळात स्कीने झाकलेली जमीन असते सुमारे ०.३१ चौरस मीटर. भागाकार केला की जाडी येते दीड मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे सातशेवा भाग. प्रत्यक्षात बरीच उष्णता हिमात आणि स्कीत झिरपून जाते, त्यामुळे सरासरी थर याहूनही पातळ असणार, आणि तो सलग नसून स्पर्शाच्या ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी असणार.

इथे विषय मिटला असे मात्र नाही. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, हा विचार मायकेल फॅरेडे यांच्या १८५० च्या प्रयोगांपर्यंत मागे जातो. २०१८ साली ॲम्स्टरडॅम आणि माइन्झ येथील संशोधकांनी दाखवले की, पृष्ठभागावरच्या या सैल रेणूंच्या हालचालीवरून बर्फाच्या निसरडेपणाचा बराच उलगडा होतो आणि त्यांच्या मोजमापात पोलादाचे बर्फावरचे घर्षण उणे ७ अंशांच्या सुमारास सर्वांत कमी होते. त्याच सुमारास अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने सूक्ष्म निरीक्षणांवरून असे मांडले की, थंड कोरड्या हिमावर पाण्यापेक्षा कणांची टोके झिजून होणारा बर्फाचा भुगाच वंगणाचे काम करत असावा. रोज लाखो लोक ज्यावर घसरतात, त्या पृष्ठभागाविषयी अजून एकमत नसावे, याची मला गंमत वाटते.

प्रेक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, वंगण कुठूनही येवो, ते नेमके पुरेसे असावे लागते. फार थंडीत हिमाचे कण कडक आणि टोकदार असतात, वंगण अपुरे पडते आणि स्की रखडते. शून्य अंशाजवळ पाणी जास्त होते, ते कण आणि तळ यांच्यामधल्या फटी भरून काढते आणि केशाकर्षणाने स्की जणू चिकटून राहते. म्हणून स्कीचा पॉलिथिलीनचा तळ दगडी चाकावर घासून त्यावर बारीक रेषा उमटवल्या जातात. थंड हिमासाठी त्या नाजूक ठेवतात, ओल्या हिमासाठी ठसठशीत. त्यावर तापमानाप्रमाणे निवडलेले वॅक्स गरम करून चढवले जाते. हवेचे तापमान पाहून अंदाज बांधणारा चाहता इथे हमखास फसतो, कारण निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग उष्णता प्रारित करून हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड होतो, तर दुपारी हवा शून्याच्या वर कितीही गेली तरी हिम शून्यावर थांबते आणि फक्त ओले होत राहते. यंत्राने तयार केलेले हिम आणखी वेगळे. ते गोठलेल्या थेंबांचे असल्यामुळे दाट आणि खरखरीत असते व वॅक्स लवकर झिजवते.

क्लासिक टप्प्यात तर एकाच स्कीकडून दोन विरुद्ध अपेक्षा असतात. घसरताना ती अजिबात अडू नये आणि मागे रेटा देताना अजिबात सरकू नये. यासाठी स्की मधोमध कमानीसारखी वर उचललेली असते. दोन्ही पायांवर वजन विभागलेले असताना मधला भाग हिमाला जेमतेम लागतो आणि टोकांकडचे गुळगुळीत भाग घसरतात. सगळे वजन एका पायावर देऊन जोर लावला की कमान दबते आणि मधल्या भागावरचे मऊ पकड-वॅक्स हिमावर टेकते. हिमकणांची टोके त्यात क्षणभर रुतून बसतात व स्थितिक घर्षण पायाला आधार देते. वॅक्स फार कडक असेल, तर टोके रुतत नाहीत आणि पाय मागे निसटतो. फार मऊ असेल, तर टोके रुतूनच बसतात आणि स्कीखाली हिमाचे गोळे जमतात. थंडीसाठी हिरवे, मग निळे, जांभळे आणि उबदार हिमासाठी लाल अशी या वॅक्सची सर्वसाधारण रंगमाला आहे. वितळून पुन्हा गोठलेल्या हिमासाठी क्लिस्टर नावाचा चिकट लेप वापरतात. शून्य अंशाच्या आसपास नवे हिम पडू लागले की यातले काहीही धड चालत नाही. अशा दिवशी नावाजलेला स्कीपटू चढावर पाय फाकवून चालताना दिसला, तर त्याची हिंमत खचली असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

फरक केवढा पडतो? घर्षणांक ०.०३० ऐवजी ०.०३३ झाला, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढला, तर २.२ न्यूटन जास्त बल लागते. १५ किलोमीटरच्या टप्प्यात हे जादा काम ३३ किलोज्यूल होते. तेवढ्या ऊर्जेत तोच स्कीपटू ४५ मीटर उंच चढला असता. दुसऱ्या शब्दांत, मंद स्की मिळालेल्याला त्याच शर्यतीत पंधरा मजली इमारत जास्तीची चढावी लागते, आणि पडद्यावर ती कोणाला दिसत नाही.

एवढे मोल असल्यावर चमत्कारिक वॅक्सचा बाजार फोफावणारच. फ्लोरिनयुक्त वॅक्स ओल्या हिमावर खरोखरच प्रभावी होती, कारण कार्बन-फ्लोरिन बंध असलेला पृष्ठभाग पाण्याला आणि मळाला जवळ येऊ देत नाही. परंतु हेच बंध निसर्गात तुटता तुटत नाहीत आणि या गटातली काही संयुगे आरोग्याला घातक आहेत. महासंघाने २०१९ साली बंदी जाहीर केली आणि २०२३-२४ च्या मोसमापासून ती पूर्णपणे अमलात आली. आता तळावर अवरक्त किरण टाकून या बंधांची खूण तपासली जाते. त्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेत ‘नॅनो’सारखे शब्द मिरवणाऱ्या जाहिराती आल्या आहेत. त्यांच्याविषयी एकच प्रश्न विचारावा: कोणत्या तापमानाच्या, कोणत्या हिमावर, कशाच्या तुलनेत? ‘शुभ’ स्कीच्या जोडीवरचा विश्वासही याच मापाने मोजावा. एखादी जोडी पुन्हा पुन्हा यश देते, तेव्हा तिची कमान आणि तळावरच्या रेषा त्या हिमाला जुळलेल्या असतात. संघांचे तंत्रज्ञ दोन जोड्या एकाच उतारावर शेजारी शेजारी सोडून पाहतात, ते यासाठीच. प्रेक्षकालाही ही चाचणी करता येते. लांब उतारावर दोघे काठ्या न मारता, सारख्याच वाकलेल्या स्थितीत जात असतील आणि एकाला दुसऱ्याच्या आडोशाचा फायदा नसेल, तर पुढे सरकणाऱ्याची स्की त्या दिवशी सरस आहे.

आल्पे चेर्मिसवर हा सगळा हिशेब उलटतो. सपाटीवर सेकंदाला ७ मीटर वेगाने जाताना २२ न्यूटन घर्षण आणि सुमारे १४ न्यूटन हवेचा रोध, असा मामला असतो आणि एकूण विरोधात घर्षणाचा वाटा निम्म्याहून अधिक असतो. शेवटचा चढ साधारण ३.६ किलोमीटरांत ४२५ मीटर उंची गाठतो, त्यातला सर्वांत तीव्र भाग २८ टक्क्यांचा आहे आणि मुळात ती खाली घसरत येण्यासाठी केलेली अल्पाइन धावपट्टी आहे. सरासरी चढावर एकट्या गुरुत्वाकर्षणाचा मागे ओढणारा घटक ८७ न्यूटनच्या आसपास जातो, वेग निम्म्यावर आल्याने हवेचा रोध चार न्यूटनांवर येतो आणि घर्षणाचा वाटा पाचव्या हिश्श्यापर्यंत घसरतो. दहा टक्के वाईट स्की सपाटीवर एकूण विरोध सहा टक्क्यांनी वाढवते, तर इथे फक्त दोन टक्क्यांनी. पुढच्याच्या आडोशाला राहून वाचणारी ताकदही इथे नगण्य होते. सोळा मिनिटांत हा चढ संपवायचा, तर ७५ किलोला सव्वातीनशे वॅट नुसते गुरुत्वाकर्षणाविरुद्ध आणि सगळे मिळून सव्वाचारशे वॅट लागतात, तेही मागच्या टप्प्यांनी स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वारंवार रिकामा केलेला असताना. त्यातले दहा वॅट कमी पडले, तर शिखरापर्यंत सुमारे २० ते २५ सेकंद जातात. म्हणून शेवटच्या दिवशी एकूण क्रमवारीतले अंतर मिनिटाच्या आत असेल, तर स्प्रिंटमध्ये बोनस सेकंद गोळा केलेल्या धिप्पाड वेगवान स्कीपटूची आघाडी सुरक्षित मानू नये, आणि त्याच्या मागे असलेल्या हलक्या अंगाच्या चढाईबहाद्दरावर पायथ्यापासूनच नजर ठेवावी.